सातव्या पानावरचा बाबा

जन्माला घालायला आलेल्या देवाकडेही आमच्या वरच्या काकांनी आधी ओळखपत्र मागितलं असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. चंदीगडच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे, म्हणून वरचे काका. मूळचे नागपूरचे, नकाशे काढणाऱ्या कचेरीत तपासनीस. दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावरची विहीर न् विहीर पडताळायची आणि स्वतःच्या डोळ्यांनी खात्री झाल्याशिवाय निळ्या पेन्सिलीची बरोबरची खूण करायची नाही, ही त्यांची नोकरी. ती निळी पेन्सिल घरीसुद्धा त्यांच्या कानावर असायची.

दिवसही तसेच होते म्हणा. पंजाब पेटलेला, बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून रेडिओ रोज बजावायचा, आणि बसच्या सीटखाली वाकून बघितल्याशिवाय कोणी टेकायचं नाही. पण काकांचं जरा जास्तच होतं. मनीमाजऱ्याच्या बाजारात भोपळा घेताना ते तो कानाशी धरून ऐकत बसायचे. भाजीवाले सरदारजी एकदा म्हणाले, "बाऊजी, कद्दू है, घड़ी नहीं." काका शांतपणे म्हणाले, "वही तो देख रहा हूँ."

रविवारी मी आसपासच्या मराठी मुलांना जमवून चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायची. पोरं बिथरली होती, म्हणून पुण्याच्या बहिणीला कळवलं, संकटातून तरलेल्या घरांच्या गोष्टी पाठव. पार्सल आलं तेव्हा मी नेमकी शेजारी गेलेली. परत येते तो काय, दारात तळं, त्यात भिजलेलं पार्सल आणि रिकामी बादली घेतलेले काका. "मागंच थांबा जी वहिनी," ते म्हणाले, "निकामी केलं आहे." मी कपाळाला हात लावला. ती सगळी पुस्तकं मी दोन दिवस साड्यांबरोबर दोरीवर वाळत घातली आणि चिकटलेली पानं नखानं सोडवत बसले. त्यातलं एक पुरात घर गेलेल्या चौघांचं होतं. ते भिजलेलं एक वेळ शोभून तरी दिसत होतं.

रविवारी मी तेच वाचायला घेतलं, तेव्हा काका मुलांच्या मागं स्टुलावर बसले. "चूल वाहून गेली आणि ही बाई हसते काहून?" ते मधेच म्हणाले. "काहीतरी लपवते ही."

"अहो, पोरांना धीर यावा म्हणून हसतेय ती."

"मंग तसं लिहायला पाहिजे होतं."

नंतर पुस्तक मांडीवर घेऊन त्यांनी पानोपानी माणसं मोजली. आई, बाबा, दोन मुलं. चार हजर, खूण. चार हजर, खूण. सातव्या पानावर पेन्सिल थांबली. होडीत तिघंच होते. बाबाच्या जागी पांढरा धब्बा. छापखान्याला चार शब्द सुनावून झाल्यावर त्यांनी समोरचं पान निरखून पाहिलं. बाबा त्या पानाला चिकटून निघून आला होता, तोही अर्धा फाटलेला. बादली आठवली असावी. काका पुस्तक मिटून वर निघून गेले, आणि सातव्या पानावर खूण करायची राहिली ती राहिलीच.

त्याच आठवड्यात आमचे हे गुरुदासपूरकडे गेले. टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त करायचं यांचं काम. गुरुवारी यायचे, शनिवार दुपार झाली तरी पत्ता नाही. तिकडे कर्फ्यू, फोन बंद. सहा वर्षांची माझी मनू सातवं पान उघडून बसली, जेवेना. "बाबा कहाँ गए?" पुस्तकातल्या बाबाबद्दल ती विचारत नव्हती, हे मला कळत होतं. मी हसून म्हटलं, "येतील गं." तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं. "आई, तू हँस क्यों रही है?"

माझा धीर तिथंच सुटला. आवाज वर गेला असणार, कारण काका दौत आणि बारीक टाक घेऊन खाली आले. तासभर बसून त्यांनी होडीत बाबा काढला. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात वल्हं, आणि नजर मात्र काकांची, पाण्याकडे संशयानं बघणारी. मनूनं बोटानं मोजलं, चार. मग म्हणाली, "काका, अब टिक करो."

काका ताठ झाले. न बघता खूण करायची म्हणजे त्यांच्या लेखी पाप. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी दाराकडे. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी खूण केली. खूण वाकडी उमटली.

"चार हजर," ते म्हणाले.

"पक्का?"

"पक्का."

मनू दोन पोळ्या जेवली.

हे सोमवारी दुपारी एका ट्रकमधून आले, दाढी वाढलेली, कपडे मळलेले. जिन्यातच काकांनी त्यांना अडवलं, पिशवी उघडायला लावली, नखशिखान्त न्याहाळलं आणि वर गेले. दार लावून घेतल्यावर ते बराच वेळ नाक शिंकरत होते, असं यांचं म्हणणं.

पुढं आमची बदली झाली, काका निवृत्त होऊन नागपूरला गेले. परवा त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं, काका गेले म्हणून. मी कपाटातून ते पुस्तक काढलं. पानं अजून चुरगळलेलीच आहेत. सातव्या पानावरची खूण तेवढी वाकडी. पहिल्या पानापासून एकेक माणूस बोटानं मोजत गेले. सगळीकडे चौघंही हजर होते. मोजणारा तेवढा नव्हता.