तिच्या गाईचा चीक

अशी लांब नको बसूस, जवळ ये. आणि तोंड एवढंसं करू नकोस, मी काही मारणार नाहीये. पण मला एक सांग. आमच्या मेडनहेडपर्यंत गाडी घेऊन आलीस, माझ्या मैत्रिणीच्या गाईला गवत घातलंस, कालवडीबरोबर फोटो काढलेस, आणि सख्ख्या मावशीच्या फाटकावरून तशीच पुढे गेलीस? मला कळणार नाही असं वाटलं? तिनंच फोन करून सांगितलं, "तुझी भाची येऊन गेली गं, मोठी गोड पोरगी आहे." गोड! आज मीच तुझ्या स्टॅनमोरला आले म्हणून भेट तरी झाली.

तिला बघून माझा जळफळाट होतो. केस पांढरे झाले तरी होतो. का होतो ते ऐक.

आम्ही दोघी एकाच सुमारास इंग्लंडात आलो. दोघींचे नवरे एकाच हॉस्पिटलात डॉक्टर. ती नागपूरची, मी साताऱ्याची. हे रिटायर झाले तेव्हा मीच हट्ट धरला, आता जरा जमीन घेऊ. घर, मागे गवताचा तुकडा, एक शेड, एवढंच. कोंबड्या आणल्या, मेथी लावली, मग दोन शेळ्या आणल्या. माझं सगळं मांडून होतंय न होतंय तोवर पलीकडच्या लेनमध्ये तिनं जागा घेतली. माझं बघून घेतली, हे मी आजही म्हणेन. आणि आणलं काय, तर गाय! बुटकी, काळी, ओल्या नाकाची. पलीकडे गाय असताना माझ्या शेळ्यांकडे कोण बघतंय?

गाय व्याली आणि तिनं खरवस केला. झालं. लंडनमधली आपली मराठी माणसं लोटली, एजवेअरहून गाड्या, इकडून तुमच्या स्टॅनमोरहून गाड्या. गाडीत रस्ता सांगणारं ते नवं सॅटनॅव्ह लावून येणाऱ्यांना लेन सापडेना, तर माझ्या फाटकाशी थांबून तिचा पत्ता विचारायचे! माझ्याकडे रविवारी येणारी माणसं तिच्या अंगणात खुर्च्या टाकून बसायला लागली. मेथीच्या जुड्या मी बांधून ठेवायची, त्या तशाच पिवळ्या पडायच्या. घरात आम्ही दोघंच, त्यात यांना क्रिकेट. मला माणसं लागतात गं. माणसं आली नाहीत तर त्या जमिनीला मी काय चाटू?

म्हणून ठरवलं, माझी शेळी व्याली की मीही सगळ्यांना बोलवायचं. शेळीच्या चिकाचाही खरवस होतो, आमच्या गावाकडे करायचे.

एका शनिवारी सकाळी यांनी शेडमधून हाक मारली, "व्याली गं!" मी शेडकडे न जाता फोनकडे गेले. एकेकाला सांगत सुटले, उद्या खरवसाला या. सगळे हो म्हणाले. तिला तेवढं नाही सांगितलं. मग वेलीज, ते चिखलातले गमबूट, चढवून शेडमध्ये गेले, तर गवतात तीन करडं! शेळी पहिलटकरीण, कासेची एक बाजू दगडासारखी घट्ट, दुसरीतून येत होता तो चीक दोघांना कसाबसा पुरला. तिसरं मान टाकून पडलेलं. व्हेट दुपारशिवाय येणार नव्हता.

"खरवस विसर आता," हे म्हणाले. "तिला फोन कर. तिच्या फ्रीझरमध्ये चीक असतो."

"मी नाही करणार."

"मग मी करतो."

"तुम्ही मुळीच करायचा नाही!"

"बरं, मग या करडालाच सांग, तुझा राग उतरेपर्यंत थांब म्हणून."

केला फोन. दुसरं काय करणार?

ती आली ती आइस्क्रीमचे दोन डबे घेऊन, दोन्हीत गोठवलेला पिवळाधमक चीक. मी लगबगीनं किटली लावली तर ओरडली, "काय करून राहिली तू? कोमट पाणी घे. कढत पाण्यात ठेवलास तर इथंच खरवस होईल!" मग गवतात फतकल मारून बसली, करडाच्या तोंडात बोट घातलं, बाटली लावली. तेच करडू माझ्या हातात हलत नव्हतं, तिच्या मांडीवर चुकूचुकू प्यायला लागलं. जीव वाचला म्हणून डोळे भरून आले माझे, आणि तिच्याच मांडीवर का वाचला म्हणून आतून पेटलेही.

एक डबा करडांसाठी ठेवला. दुसरा माझ्या हातात देत म्हणाली, "याचा खरवस कर. उद्या लोक येऊन राहिलेत ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"एजवेअरहून फोन आला, येताना काय आणू विचारायला. आमंत्रण तिथवर गेलं, पलीकडच्या लेनमध्ये नाही पोचलं."

"तुला काय बोलवायचं? तू घरचीच."

"हो तर," म्हणाली आणि हसली. एक शब्द जास्त बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी अंगण भरलं. वेलची, जायफळ, केशर, मी काही कमी केलं नव्हतं. सगळे म्हणाले, "शेळीचा वाटतच नाही हो!" मी तिच्याकडे बघितलं. ती आपली मुकाट्यानं चमचा चाटत होती. तिनं सांगून टाकलं असतं तर मी चिडले असते. ती गप्प राहिली तर त्याहून चिडले.

"गाईचा आहे," मी म्हटलं. "हिच्या गाईचा. माझ्या शेळीला तीन झाली, तिचा चीक तिच्या पोरांना."

मग काय, सगळी वरात शेडमध्ये. आणि निघताना माझ्याच अंगणात उभे राहून तिला म्हणतात कसे, "पुढच्या रविवारी गाय बघायला येतो हं!"

"या की," ती म्हणाली. "पण जेवायला हिच्याकडे. मला एवढ्या माणसांचं होत नाही."

होत नाही म्हणे! नागपूरला लग्नघरं सांभाळलेली बाई ती. माझीच माणसं ती मला वाढत होती, दान दिल्यासारखी. अंगाचा तिळपापड झाला. आणि तरी मी काय केलं माहितीये? तिथल्या तिथं विचारलं, "मुलं किती, मोठे किती? पिठलं चालेल ना?"

तेव्हापासून असंच चाललंय. ती गाय दाखवते, मी जेवायला घालते. माझं अंगण भरलेलं असतं आणि माझा जीव जळत असतो. वांग्याचं भरीत वाढताना कोणी गाईचं कौतुक केलं की मी त्याला मिरची जास्त वाढते.

तर बाई, तू ये. या शनिवारीच ये, पोरांनाही आण. दुसरी शेळी आता टेकलीये, आज विते की उद्या. आधी माझ्याकडे यायचं, जेवायचं, करडं खेळवायची. मग गाय बघायचीच असेल तर मीच नेते तुम्हाला, लेनमधून चालत. तिला म्हणावं, मावशीनं आणलं. पण लवकर ये गं.