चित्राखालची ओळ
पुस्तकांना ऊन दाखवायला काढलं की त्या जाड इंग्रजी पुस्तकातून अजून भिजल्या सुंभासारखा वास येतो. महायुद्धाचा सचित्र इतिहास तो, युद्ध संपून बरीच वर्षं झाल्यावर मुंबईहून आमच्याकडे आलेला. एका दुपारी मी पडवीत त्यातली चित्रं बघत बसले होते, तेव्हा शेजारच्या खलाशाची बायको ताक न्यायला आली. तिचा नवरा युद्धात विलायतेच्या बोटीवर गेला तो परतलाच नव्हता, पण तिने कुंकू काही पुसलं नव्हतं. बोलता बोलता ती पुस्तकात डोकावली आणि झटकन डोक्यावर पदर ओढून दाराआड झाली. कुणी पुरुषमाणूस आलं असेल म्हणून मी बघितलं, तर अंगण रिकामं, चिऱ्यांच्या गडग्यावर ऊन तेवढं होतं. "कोण गं?" मी विचारलं. "हे बघतायत," ती आतून म्हणाली. उघड्या पानावर धुक्यातली आगबोट होती आणि कठड्याशी नखाएवढी माणसं ओळीने उभी होती. चेहरा एकाचाही दिसत नव्हता. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं की हा फोटो बोट बंदरातून निघतानाचा, त्याच संध्याकाळी ती सगळ्यांसकट बुडाली. माझे ओठ हलताना तिने पाहिले असावेत. "मोठ्यानं वाचू नका वयनी," ती हळूच म्हणाली, "त्यांना अजून ठावं नाय." आज ते पान आलं तेव्हा घरात मी एकटीच होते. खालच्या ओळीवर तळवा ठेवून मी ते उलटलं, आणि मग लक्षात आलं, माझाही पदर डोक्यावर आलेला होता.