फोटो मशीनसमोर आला तेव्हा

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, 'सरळ बसा' म्हणायची सोय नाय. म्हटलं की मशीन थांबतं, चष्मा नाकावर उतरतो आन् बोलणी सुरू होतात. तोंडाची मीही काय कमी नाय, पण आमच्या ह्या मनकर्णाबाईंपुढं माझी डाळ शिजत नाय.

शहागंजातल्या एका बोळात आमचा पिको-फॉलचा गाळा हाय. गाळा कसला, दोन बाया आत आल्या की तिसरीनं बाहेरूनच साडी द्यायची. आत्याबाई तिथं माझ्या लग्नाच्या आधीपासून मशीनवर बसतात. बसतात म्हणजे कशा? मान मशीनमधी, पाठीची कमान, पाय एकमेकांत अडकवलेले. साडीला फॉल लावतात का काठाचा वास घेतात, कळायचं नाय. गिऱ्हाइकाला आधी त्यांचा अंबाडाच दिसायचा.

मागच्या हिवाळ्यात पाठ अशी धरली की उठता-बसता "आई गं" निघायला लागलं. माझा नवरा राजकुमार लई हळवा, पण सगळा हळवेपणा रागानं बाहेर काढतो. त्यानं सांगूनच टाकलं, उन्हाळा संपेस्तोवर पाठ सुधारली तर ठीक, नाय तर मशीन विकायचं.  नंतर भाजी निवडताना आत्याबाई मला हळूच म्हणाल्या, "रूपाली, मशीन गेलं तर मी दिवसभर कुणाची वाट बघत बसू?" 

मग मी त्यांना दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडं नेलं. बाई चांगली होती. तिनं समजावलं, तळपाय जमिनीला टेकवा, कमरेमागं टॉवेलची गुंडाळी ठेवा, मशीन जरा उंच घ्या, मधूनमधून उठून चाला. आम्ही सगळं केलं. मशीनच्या टेबलाखाली विटा सरकवल्या, टॉवेल लावला. आत्याबाई ताठ बसायच्या आन् जरा काम रंगात आलं की पुन्हा कमान. आपण वाकलोय हे त्यांचं त्यांनाच कळायचं नाय. मी दिवसभर "पाठ, पाठ" करत राहिले. शेवटी भडकल्या, सून हायेस का मास्तरीण म्हणाल्या, आन् टॉवेल काढून माझ्याच अंगावर फेकला.

गंमत बघा, हीच बाई रविवारी विहारात वंदनेला मांडी घालून बसते तेव्हा गवंड्याच्या ओळंब्यात बसवल्यासारखी सरळ. वंदना होते, वर प्रवचन होतं, तरी कमरेचं नाव नाय. मला तर वाटायचं, एक तर तिथं नाटक करतात नाय तर इथं.

एप्रिलात जयंतीच्या आधी मी गाळा झाडायला काढला. बाबासाहेबांचा फोटो आत्याबाईंच्या पाठीमागच्या भिंतीवर असायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोळातून दिसावा म्हणून. मी तो उतरवून पुसला. खिळा हलत होता, म्हणून तेवढ्यापुरता मशीनसमोरच्या फळीवर रिळांमधी टेकवला आन् मागची भिंत पुसायला घेतली. वळून बघते तर आत्याबाई ताठ! काम चालूच. जरा वाकल्या, नजर वर गेली, पुन्हा ताठ. मी फडकं हातात धरून बघतच राहिले.

विचारलं तर त्यांना पत्ताच नव्हता. मग हसल्या आन् वडलांचं सांगायला लागल्या. वडील लासूर स्टेशनकडचे. त्यांच्या लहानपणी गावच्या चावडीपुढं अंग चोरून, मान खाली घालून बसावं लागायचं. धम्म घेतल्यावर त्यांनी लेकरांना शिकवलं, या फोटोसमोर वाकून बसायचं नाय. कुणी पोक काढलं की पाठीवर हलकी चापट. बाप जाऊन जमाना झाला, पण ती चापट आत्याबाईंच्या पाठीला अजून आठवत होती. विहारातही समोर बाबासाहेबांचा फोटो असतो, हे मला तेव्हा उमगलं.

खिळा मी ठोकलाच नाय. फोटो फळीवरच राहिला. जादू वगैरे काही झाली नाय हां, टॉवेल हाय, विटा हायेत, साडी झाली की बोळाच्या तोंडापर्यंत चक्कर हाय. पण "आई गं" कमी कमी होत गेलं.

उन्हाळा संपला तसा राजकुमार गाळ्यावर आला. मशीनचा विषय काढायचा होता, पण आईला असं ताठ बसलेलं बघून त्याला सुरुवात सुचेना. स्टुलावर टेकला आन् मोबाईलमधी मान घातली. मग फोटो पुढं कसा काय आला म्हणून विचारलं. आत्याबाईंनी मशीन थांबवलं.

"माझा बाप म्हणायचा, ह्या फोटोसमोर वाकायचं नाय," त्या म्हणाल्या. "मी यडी, फोटो पाठीमागं लावला आन् इतकी वर्षं मशीनपुढं वाकत राहिले."

 राजकुमारनं मोबाईल खिशात घातला, पाठ सरळ केली आन् उठून फळीवरची रिळं बाजूला सरकवली, फोटो नीट दिसावा म्हणून.