सुमन उठली नाही तो खो

सोलापूर स्टेशनातून गाडी हलली तेव्हा माझी धाकटी बहीण सुमन तिकडे अकलूजच्या मैदानावर खो-खोची फायनल खेळत होती. तिच्या प्रत्येक मॅचला मी खांबामागे, दोरीबाहेर बसून घसा फोडून ओरडायचे. त्या दिवशी मात्र मला इंग्लंडला निघायचं होतं. “खेळ काय, दरसाल हाय. इमान थांबतंय व्हय?” अप्पा म्हणाले. मलाही तेच ऐकायचं होतं.

विमानतळावर आईचा फोन आला. सुमनला खो मिळाला आणि ती जागची उठलीच नाही. मॅच तिथेच गेली. पुढे होटगीला तिचं लग्न झालं आणि खेळ सुटला तो सुटलाच.

इकडे मी मोठ्या सामन्यात खेळाडूंचे हातपाय का गार पडतात, यावर पीएच.डी. केली. आता तेच शिकवते. दर वर्षी पहिल्या लेक्चरला एका मुलीची गोष्ट सांगते, खो मिळूनही न उठलेली. दडपणाचं इतकं चोख उदाहरण दुसरं नाही. नाव अर्थात सांगत नाही. वर्ग एकदम शांत होतो आणि, सांगायला लाज वाटते, मला ते आवडतं. नोकरीच्या मुलाखतीतही हीच गोष्ट कामाला आली होती. बहिणीच्या फजितीवर माझं दुकान चाललंय म्हणा ना.

परवा भाचीने इंटरनेटवरचं ते लेक्चर मोबाइलवर शोधलं आणि आपल्या आईला, सुमनला, मराठीत समजावलं. लगेच सुमनचा फोन. मी माफीची वाक्यं जुळवतेय, तर ही हसतेय.

“अक्का, लई भारी बोलतीस की! पर मी भ्याले न्हवते गं.”

प्रत्येक खेळाडूला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्या क्षणी मनात काय होतं? सुमनला तो मी कधी विचारलाच नव्हता. आता विचारला.

“काय न्हाय गं. खांबाकडं बगत हुते. तू गेलीस ते ठाव हुतं की. तरी मान तिकडंच वळली.”

मग लगेच म्हणाली, “पुढच्या महिन्यात पोरीची मॅच हाय, अकलूजलाच. यायला जमतंय का बग.”

टर्म चालू आहे, परीक्षा तोंडावर आहेत. मी “बघते” म्हणाले. माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही असाल, तर हे ‘बघते’ तुम्हालाही पाठ असेल.

घराची आठवण येते का, असं इथे कुणी विचारलं की मी शेंगाचटणीचं कौतुक सांगायचे. आता सांगवत नाही. माझं घर म्हणजे खांबामागची ती जागा. ती रिकामी ठेवून मी इथे दडपणावर शिकवते.