सलाम ऐकू न येणारं घर

शिदाला कुणी विचारलं, काय करतेस, तर ती म्हणते, "घरं काढते." म्हणजे कागदावर. मुआर शहरात तिचं एवढंसं ऑफिस आहे. लोकांना ती दुकानं, गाळे, मजले काढून देते आणि पोट भरते. पण तिचं खरं वेड निराळंच. आमच्या या उकाड्याच्या, ओलीच्या मुलखात नावापुरत्या विजेवर गार राहील असं घर बांधायचं. हे वेड तिला कॉलेजात लागलं असं तिचा भाऊ म्हणतो. साफ खोटं. ते तिला आईच्या दम्यानं लावलं.

मी त्यांची शेजारीण. शिदा मला माक सू म्हणते, धाकटी मावशी. रक्ताचं नातं काही नाही, कुंपण तेवढं एक.

तिची आई कल्सोम जुन्या लाकडी घरात राहायची. खांबांवरचं घर, खालून नदीचा वारा. वारा कसला, ओलच ती! उशीला बुरशी, भिंतीला बुरशी, आणि कल्सोमची छाती भात्यासारखी वाजायची. थोरला शाहरुल क्वालालंपूरला उंच इमारतीत राहतो. त्यानं ठरवून टाकलं होतं, ईद झाली की आईला घेऊन जायचं.

कल्सोम तिकडे जगली नसती. तिला बोलायला माणूस लागतं, आणि एक संपलं की दुसरं लागतं.

"आबांग, एवढी ईद थांब," शिदा भावाला म्हणाली. "आई इथंच नीट श्वास घेईल. नाही घेतला तर खुशाल ने."

जुन्या घराच्या बाजूला तिनं छोटं घर उभं केलं. छपराच्या पोटात जाड थर भरला. वळचण इतकी रुंद, की ऊन भिंतीला शिवत नाही. प्रत्येक फट चिकटपट्टीनं बंद. हवेतलं पाणी पिळून काढणारं एक लहान यंत्र, तेही छपरावरच्या उन्हावर चालणारं. ओल गेली की गारव्याला फारशी वीज लागत नाही, असं तिनं मला समजावलं. मला कळलं ते एवढंच, की दार लावून ठेवायचं.

कल्सोम तिथं झोपायला गेली आणि खोकला थांबला. शिदा नुसती हवेत होती.

पण गावात कुजबुज सुरू झाली. "कल्सोमला शिंगं फुटली. नवं घर काय झालं, ओळख दाखवीना." मीही एकदा केळीची भजी घेऊन गेले. पायरीशी उभं राहून सलाम दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा दिला. आमच्यात दार कुणी ठोठावत नाही. तीन सलामांना उत्तर आलं नाही तर मुकाट्यानं फिरायचं. मी फिरले, पण मुकाट्यानं नाही. वाटेत सगळी भजी रागारागानं एकटीनं संपवली.

आत कल्सोम वाट बघून बघून रडकुंडीला आलेली. ईदच्या सकाळी तिनं दारं-खिडक्या सताड उघडल्या. सगळं गाव लोटलं. चुलीवर केतुपात, म्हणजे माडाच्या पानांत बांधलेला भात, रटरटत होता, वाफेनं घर भरलं. बघता बघता गार फरशीला घाम फुटला, भिंतींवरून ओघळ लागले. गावातले वडीलधारे हाजी बोरहान रेंदांगची बशी घेऊन असे घसरले, की मटण सोफ्यावर आणि हाजी सोफ्याखाली. दुसऱ्या दिवशी गाद्यांना कुबट वास आणि कल्सोमची छाती पुन्हा भात्यासारखी.

"बस झालं," शाहरुल आईला म्हणाला. "महिनाअखेर येतो. माक, कपडे भरून ठेव."

तो गेला आणि शिदा आईवर उखडली. "दार लावून ठेव म्हणून किती वेळा सांगितलं तुला!"

"दार लावून बसू आणि गावाला काय सांगू? मेले म्हणून?" कल्सोम म्हणाली. "कुत्रंसुद्धा फिरकलं नाही माझ्याकडं!"

मला राहवेना. "अगं ए! तुझ्या पायरीशी उभी राहून घसा फोडला मी. तू हूं की चूं केलं नाहीस!"

शिदानं माझ्याकडं पाहिलं. मग आईला घेऊन आत गेली, दार लावलं. मी बाहेरून ओरडून तीनदा सलाम दिला. थोड्या वेळानं दार किलकिलं झालं.

"द्या की माक सू, सलाम."

"दिले की! तिन्ही दिले!"

शिदा मटकन पायरीवर बसली. पोरीनं वारा अडवला, ओल अडवली, ऊन अडवलं, आणि त्यासोबत सलामही अडवला. हसावं की रडावं तिला कळेना; तिनं दोन्ही केलं.

मी म्हटलं, "घंटी बसव."

"घंटी वाजवायला कोण येणार आहे? तुम्ही वाजवाल?"

नसती वाजवली. मी काय वीजबिल द्यायला आलेय?

त्यानंतर कल्सोम दिवसा पुन्हा जुन्या घरात बसू लागली, आणि शिदा समोर बसून राहिली, येणारे-जाणारे बघत. कोण येतं, कुठं टेकतं. सगळे पुढच्या ओसरीवरच टेकत होते. आतल्या खोलीत परका माणूस कधीच जात नाही, आणि तिचं दार का बंद म्हणून कुणी विचारतही नाही. मग ती उठली आणि हाजी बोरहानांकडं गेली.

जुम्म्याची नमाज झाल्यावर पुरुषमंडळी जमली. शिदाच्या बापानं स्वतःच्या हातानं बांधलेली ती ओसरी त्यांनी खिळे-पाचरा काढून घरापासून सुटी केली, खाली बांबू घातले आणि खांद्यावर घेतली. "बिस्मिल्ला!" ओसरी उठली आणि चालू लागली. हाजी बोरहान छपराकडं बघत ओरडत होते, "डावीकडं, गाढवांनो, डावीकडं!" आणि स्वतः उजवीकडं ओढत होते. कल्सोम ओढणी तोंडाला लावून उभी होती. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

ओसरी नव्या घरापुढं बसली. चूल परत जुन्या स्वयंपाकघरात गेली. ओसरी आणि आतली खोली यांच्यामध्ये शिदानं चपला काढायची चिंचोळी जागा केली, तिला दोन दारं. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

महिनाअखेर शाहरुल गाडी घेऊन आला. ओसरीवर आम्ही पाचसहा बायका कल्सोमभोवती बसून एकमेकींची उणीदुणी काढत होतो. तो सगळ्यांना सलाम करून आईची बॅग शोधायला आत गेला. दोन्ही दारं तशीच सताड टाकून.

कल्सोम बसल्या जागेवरून ओरडली, "अरे शाहरुल! दार लाव! ओल शिरतेय माझ्या घरात!"

आवाज खणखणीत होता. मध्ये एकदाही दम लागला नाही.

शाहरुल दारातच थांबला. आईकडं पाहत राहिला, मग बहिणीकडं. मग एक एक करून त्यानं दोन्ही दारं लावली आणि आमच्यात येऊन बसला. चहा कुणी देतंय का, असं त्यानं विचारलं.