गोदाचा उखाणा आणि माझा निबंध

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलांना नाही, मित्रांना नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय? खरंच ठाऊक नाही.

इंग्रजांनी तीस साली लावलेला मार्शल लॉ उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी सोलापुरात हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि क्रियापदांच्या प्रत्ययांनी मला झपाटलं होतं. हे प्रत्यय आले कुठून? ‘गेला’, ‘आला’तला ‘ल’ प्राकृतातून उतरला, एवढं पुस्तकांत सापडलं. पण नवा प्रत्यय जन्मतो कसा, हे मला माझ्याच स्वयंपाकघरात ऐकू आलं. माझी बायको गोदा अक्कलकोटाकडची, दुधनीजवळच्या खेड्यातली. ‘गेली होती’ला ती ‘गेल्ती’ म्हणायची, ‘दिलं होतं’ला ‘दिल्तं’. वेगळा शब्द झिजतो, शेजारच्याला चिकटतो, आणि पुढच्या पिढ्या त्याला प्रत्यय म्हणतात. तिकडे युरोपात लॅटिनच्या लेकींनी, फ्रेंच-इटालियन वगैरे भाषांनीही हेच केलं म्हणे. मी त्यावर निबंध लिहायला घेतला, आणि गोदा बोलू लागली की कान टवकारून बसायचो. तिला वाटलं, नवऱ्याला आपलं बोलणं आवडतंय. आणि — आवडत होतंच की.

घरी सत्यनारायण ठरला. हेडमास्तर, सहकारी, त्यांच्या बायका, सगळे येणार होते. मीच तिला म्हणालो, लग्नातला तो उखाणा घे.

“खरंच घिऊ? तुमास्नी आवडंल?”

मी हो म्हणालो.

प्रसाद वाटायच्या आधी बायकांनी तिला दारात अडवलं. रीतच ती. पदर सावरून गोदानं नाव घेतलं —

“बानं जुपल्ती गाडी, आईनं भरल्ती वटी,
माधवरावांचं नाव तवापासनं माज्या व्हटी.”

हेडमास्तरांच्या बायकोनं शेजारणीकडे पाहिलं. अजून कुणी हसलं नव्हतं. नंतर सगळेच हसले, पण — पहिला मी हसलो.

का? माझी आईही अशीच बोलायची, ते त्या मंडळींना कळू नये म्हणून? ही चूक नव्हे, भाषा अशीच वाढत आली आहे, एवढंच तर म्हणायचं होतं. तेच मी पानंच्या पानं लिहिलं होतं. त्याऐवजी म्हणालो, “खेड्यातली आहे हो, शिकेल हळूहळू.”

गोदानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपलं काय चुकलं ते शोधत होती बिचारी. मग प्रसादाचे द्रोण भरायला वळली.

आणि शिकली ती. पुढच्या दिवाळीपर्यंत ‘गेली होती’, ‘दिलं होतं’ असं स्वच्छ बोलू लागली. माहेराहून भाऊ आला की चुलीपाशी दोघांच्या गप्पा रंगायच्या. मी डोकावलो की ती थांबायची आणि तेच वाक्य माझ्यासाठी नीट करून पुन्हा सांगायची. निबंधाचं कौतुक झालं. उदाहरणं कुणाच्या बोलण्यातली, असं एकानं विचारलं. अक्कलकोटाकडच्या एका अडाणी बाईच्या, म्हणालो. लाज वाटली? त्या वेळी — नाही.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या तापात ती आईशी बोलत होती, भावाशी बोलत होती, गोठ्यातल्या गाईशीसुद्धा — भराभरा, आपल्या बोलीत. मी तिचा हात हातात घेतला. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं आणि गप्प झाली. मग म्हणाली, “थोडं पाणी हवं होतं.” एकेक शब्द नीट लावून.