ती खोटं का बोलते

आमच्या हौशी नाट्यसंस्थेने त्या वर्षी स्पर्धेसाठी निवडलेलं नाटक सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतलं होतं. कर्मठ ख्रिस्ती लोकांची एक लहानशी वस्ती. तिथे काही मुली आजारी पडतात आणि मग एकेका बाईवर चेटूक केल्याचा आळ यायला लागतो. आमच्यातल्याच एकाने ते लिहिलं होतं. मला साक्षीदार बाईची भूमिका मिळाली. भर कोर्टात ती शेजारणीकडे बोट दाखवून ओरडते, "ही भिंतीतून येते! माझं लेकरू हिनेच खाल्लं!" त्या साक्षीवर शेजारीण फासावर जाते.

तालमी बुधवार पेठेत, एका पुस्तकांच्या दुकानावरच्या खोलीत व्हायच्या. खडकीच्या कारखान्यातली माझी कचेरी सुटली की मी तशीच तिकडे जायचे. दिग्दर्शक निवृत्त प्राध्यापक होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला थांबवलं.

"आपण ओरडता उत्तम. पण ही बाई खोटं का बोलते, हे आपल्याला कळलंय का?"

"शेजारणीशी वैर असेल सर."

"वैर आमचंही आहे, घरी वरच्या मजल्यावरच्यांशी. आम्ही अजून कुणाला फासावर चढवलेलं नाही. घरी जा आणि विचार करा."

म्हणून मी घरी सराव करायला लागले. येरवड्यात एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते. एकटीच. मूळची नागपूरची. शेजारच्या घरात सासू, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. भिंत इतकी पातळ, की त्यांच्या कुकरची शिट्टी मला माझ्याच स्वयंपाकघरातली वाटायची. सासूबाईंचा आवाजही यायचा. पोरीला फिट यायची आणि प्रत्येक वेळी त्या सुनेला तेच ऐकवायच्या, "आमच्यात कुणालाच नव्हतं हे. तुझ्या माहेरचंच आलंय." सून काही बोलायची नाही. मला ती 'ताई' म्हणायची, कधी पोह्यांची वाटी आणून द्यायची.

एके सकाळी कामावर निघाले, तर त्यांच्या उंबऱ्याशी टाचण्या टोचलेलं लिंबू, कुंकू आणि काळ्या कापडाची बाहुली. सासूबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. मागे सून, चेहरा पांढराफटक.

"कुणी केलं हे?" सासूबाईंनी सुनेलाच विचारलं. "तू तर नाही ना आणलंस काही?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "ताईंच्या घरातून रोज आवाज येतात, आई. 'लेकरू खाल्लं' असं ओरडतात त्या."

मला आधी हसूच आलं. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात करणी, उतारा, भानामती हे शब्द थट्टेपुरतेच उरले होते. "अहो काकू, नाटकाची तालीम आहे ती," मी म्हणाले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी नातीला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर फिरला होता. 'काही घरांतून विचित्र आवाज येतात, लहान मुलांच्या पालकांनी काळजी घ्यावी.' नाव नव्हतं, पण लिफ्टमध्ये मी शिरले की आतल्या बायका बाहेर पडू लागल्या. आमच्या मजल्यावर माझं सोडून प्रत्येक दाराला लिंबू-मिरची लागली. घरमालकांचा फोन आला, "तसं काही नाही हो, पण जरा दुसरीकडे बघता आलं तर बघा." मी घरात सराव बंद केला. मग लोक म्हणाले, बघा, आता गप्प बसली.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. मी संहिता घेऊन गेले, तो प्रवेश उघडून चेअरमनसाहेबांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून दोन ओळी वाचल्या. "मॅडम, आपलं शिक्षण, नोकरी सगळं मान्य. पण एवढं अभद्र नाटक लागतं कशाला? विनोदी करा की एखादं."

मागून कुणीतरी बोललं, "यांच्या घरात देव्हारासुद्धा नाही."

"नागपूरकडे असतंच म्हणे हे सगळं," दुसरा आवाज.

मी संहिता मिटली. "कुणावर करणीचा आळ घेणं हा या राज्यात गुन्हा आहे. ज्याने मला ते ठेवताना पाहिलं असेल, त्याने आत्ता सगळ्यांसमोर सांगावं." आणि मी सुनेकडे वळले. मला खात्री होती की ती नाही म्हणेल. "तू पाहिलंस?"

"हो," ती म्हणाली. "पहाटे. दाराच्या भोकातून पाहिलं."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर सासूच्या चेहऱ्यावर होती. आपलं बोलणं सासूला पटलं का, एवढंच ती शोधत होती. सासूबाईंनी मान हलवली तेव्हा तिचे खांदे सैल पडले.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेव्हा ती वर आली. टाकीच्या आडोशाला उभी राहिली.

"ताई, ते मीच ठेवलं होतं."

मी हातातली चादर दोरीवर टाकली. 

"माझ्या मैत्रिणीने एका बाबाचा पत्ता दिला. तो म्हणाला, उंबऱ्यावर ठेव, फिट थांबेल. सूर्य उगवायच्या आत उचलायचं होतं. मला डोळा लागला आणि आई आधी उठल्या." ती रडायला लागली. "मी कबूल केलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, पोरीला आईनेच लावलंय हे. मला माहेरी धाडतील आणि पोर ठेवून घेतील."

"म्हणून माझं नाव?"

"तुम्ही एकट्या आहात. तुम्हाला कोण काय करणार, असं वाटलं."

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. "एकटी आहे म्हणूनच सगळे काहीही करू शकतात, हे तुला काल दिसलं नाही? माझं घर जातंय." ती हात जोडत राहिली. मी सांगितलं, "आठवडाभर थांबते. तू घरात खरं सांग, नाहीतर मी पोलिसांत जाणार. आणि पोरीला मेंदूच्या डॉक्टरकडे ने, बाबाकडे नको."

"बाहेरचं असेल तर डॉक्टर काय करणार, असं म्हणतात आई." डोळे पुसत ती खाली गेली.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. जिन्यात पाऊल वाजलं की मी आधी दाराची कडी तपासायचे. दारावर एकदा कुणीतरी शेण मारलं, ते मी स्वतः धुतलं.

शनिवारी सकाळी दार धडाधडा वाजलं. सून उभी होती, कडेवर पोर. पोरीचे डोळे फिरले होते, तोंडाला फेस, हातपाय ताठ. "थांबत नाहीये ताई! हे कामावर गेलेत." मागून सासूबाई किंचाळल्या, "हिच्या हातात देऊ नकोस! हिच्याच हातात देतेस?"

सून क्षणभर मध्येच उभी राहिली. मग तिने पोर माझ्या हातात दिली आणि स्वतः अनवाणीच रिक्षा थांबवायला खाली धावली. मी पोरीला कुशीवर धरून जिना उतरले. दाराआडून बघणारी माणसं दिसत होती. एकही जण पुढे आला नाही.

दवाखान्यात इंजेक्शनने फिट थांबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा आजार औषधाने आटोक्यात राहतो, आणि इतके दिवस कशाला थांबलात? तेवढ्यात पोरीचे वडील धापा टाकत आले. मला पाहून थबकले. त्यांनी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "लिंबू मी ठेवलं होतं. ताईंनी नाही. मी सगळ्यांसमोर खोटं बोलले." एका दमात म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

त्यांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही घरी जा ताई. मी बघतो."

त्यांनी खरंच पाहिलं. ग्रुपवर नव्हे, पुन्हा मीटिंग बोलवायला लावून, समोर उभं राहून. "ते आमच्या घरातून ठेवलं गेलं होतं. ताईंचा काही संबंध नाही." कुणी, हे सांगितलं नाही. चेअरमनसाहेब म्हणाले, "बरं, गैरसमज दूर झाला. आता पाण्याचा विषय घेऊ." माझी माफी मागावी असं कुणाला वाटलं नाही. घरमालकांनी मात्र घर सोडायचा विषय पुन्हा काढला नाही. मी पोलिसांत गेले नाही. त्याबद्दल मला आजही कधी बरं वाटतं, कधी नाही.

पुढच्या तालमीत मी साक्ष दिली तेव्हा बोट शेजारणीकडे होतं, पण नजर मी न्यायाधीशांवरून हलवली नाही. त्यांना पटतंय का, एवढंच बघत राहिले. आवाज आपोआपच खाली आला. प्राध्यापकांनी "आता कळलंय आपल्याला," एवढंच म्हणून पुढचा प्रवेश सुरू करायला सांगितलं. प्रयोगाला समोरच्या रांगेतली एक बाई डोळ्यांना पदर लावून बसली होती. आम्हाला बक्षीस मिळालं नाही.

सून पोरीला घेऊन काही महिने माहेरी राहिली आणि परत आली. तिच्या नवऱ्याने स्वतः जाऊन आणलं. पोर आता शाळेत जाते, औषध वेळेवर घेते. सासूबाई अजूनही मी जिन्यात दिसले की कठड्याला चिकटून उभ्या राहतात. परवा भाजीची पिशवी त्यांना झेपत नव्हती, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी पिशवी दिली नाही. पण म्हणाल्या, "राहू दे. जड आहे, तुझी कंबर धरेल."